पुरलेले धन आणि दोन कुलपे

बस्तरमधील एडेंगा या खेड्यात जमिनीतून सोन्याची ३२ नाणी निघाली. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९३९ मध्ये त्यांचे वाचन प्रसिद्ध केले, आणि नल वंशातील वराहराज, भवदत्त व अर्थपती या तीन राजांची नाणी प्रथमच अभ्यासकांच्या हाती आली. बिलासपूरकडील सोनसरी येथे त्यापूर्वी, १९२१ मध्ये, कलचुरी राजांच्या ६०० सुवर्णनाण्यांचा साठा सापडला होता. इतिहासाला हा मोठाच लाभ झाला. परंतु ज्या माणसाने ते धन मातीत पुरले, त्याच्या बाजूने पाहिले तर ही कथा हानीची आहे. चोराने ते नेले नाही हे खरे. पण ते त्याच्या मुलाबाळांनाही मिळाले नाही. ठिकाण एकट्याला ठाऊक होते आणि तो एकटा गेला. चोरीपासून वाचविलेले धन असे विस्मृतीने गिळले. १८७८ साली सरकारने गुप्तधनाचा कायदा केला व दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले, यावरून असे प्रसंग किती वारंवार घडत असतील याची कल्पना येते.

याच छत्तीसगडच्या मैदानात, दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या पोलादनगरीला लागून दक्षिणेस रिसाली आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येऊन वसली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या बचतीचा मार्ग सरळ होता: भविष्यनिर्वाह निधी, बँकेतील मुदतठेव, थोडे सोने आणि ते ठेवावयास लॉकर. अशा घरांतील पुढची पिढी आता बचतीचा काही अंश बिटकॉइनसारख्या कूटचलनात घालते. हे धन डोळ्यांना दिसत नाही, त्याला वजन नाही आणि बहुधा कोणी बँक त्याची राखणदार नाही. म्हणून ते राखावे कसे हा प्रश्न नवा वाटतो. वस्तुतः तो एडेंगाच्या त्या अज्ञात माणसाचाच प्रश्न आहे.

हे धन म्हणजे तरी काय? सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या अज्ञात व्यक्तीने २००८ मध्ये बिटकॉइनची कल्पना मांडली व जानेवारी २००९ मध्ये ती अमलात आली. जगभरच्या संगणकांवर एकच खातेवही उघडी पडलेली असते. कोणत्या खात्यावर किती शिल्लक आहे हे कोणासही वाचता येते, पण ती शिल्लक हलविण्यासाठी एक गुप्त किल्ली लागते. किल्ली म्हणजे सुमारे ७८ अंकी एक संख्या. ती माणसाच्या लक्षात राहणे अशक्य, म्हणून २०१३ पासून २०४८ शब्दांच्या ठरीव यादीतील १२ किंवा २४ शब्दांत ती सांगण्याचा प्रघात पडला. ते शब्द, त्याच क्रमाने, ज्याच्यापाशी असतील तो धनी. ते चोरून वाचणारा धनी होतो, आणि ते हरवून बसलेला खरा मालक केवळ प्रेक्षक उरतो.

येथे आपल्या जुन्या हुंडीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. हुंडीही कागदावरची अक्षरेच. परंतु सावकारांनी त्या अक्षरांभोवती मोठे शहाणपण उभारले होते. रक्कम लिहिताना ‘निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर’ अशा धाटणीने लिहीत, म्हणजे एखादा आकडा वाढविणाऱ्याची पंचाईत होई. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत. वाटेत ती चोरणाऱ्यास स्वतःची पत कोठून आणावयाची? हुंडी गहाळ झाली तर पैठ लिहून देत, पैठही हरवली तर परपैठ. हरविण्याची सोय अशी व्यवहारातच धरलेली होती. बिटकॉइनला पैठ नाही. ज्याच्याकडे दाद मागावी असा सावकार मुद्दामच काढून टाकलेला आहे. ही त्या योजनेची थोरवी मानली जाते आणि जोखीमही तीच आहे.

मराठी राज्याच्या मुलुखी कारभारातही हेच धोरण दिसते. १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून बिंबाजी भोसले छत्तीसगडचा कारभार पाहत. पुढे नागपूरहून सुभेदार येऊ लागले. मराठी अमलात कमाविसदाराच्या भोवती मुजुमदार, फडणीस, पोतनीस, पोतदार असे दरकदार असत. एकाने हिशेब लिहावा, दुसऱ्याने तपासावा, तिसऱ्याने रोकड सांभाळावी, चौथ्याने नाणे पारखावे. दरकदारास दूर करणे कमाविसदाराच्या हाती नसे. पैसा एकाचा आणि ज्ञान अनेकांत वाटलेले, अशी ही मांडणी होती. ती नेहमीच प्रामाणिक राहिली असे नव्हे. चौघे मिळून खाल्ल्याचे प्रसंग कोणत्या राजवटीत घडले नाहीत?

कूटचलनाच्या जगाला ही मांडणी नव्याने शोधून काढावी लागली. गणितज्ञ आदी शमीर यांनी १९७९ मध्येच एका गुपिताचे असे तुकडे करण्याची रीत दाखविली होती की, पाचांपैकी कोणतेही तीन एकत्र आले तर गुपित उलगडते आणि दोघांच्या हाती मात्र काहीच लागत नाही. पुढे एकाच तिजोरीला अनेकांच्या सह्या लागतील अशीही सोय झाली. तथापि साधन असणे निराळे आणि ते पाळणे निराळे. मुंबईत २०१८ साली सुरू झालेल्या वझीरएक्स या कूटचलन बाजारपेठेच्या एका तिजोरीला सहा किल्ल्या होत्या: पाच कंपनीच्या लोकांकडे, सहावी राखणीसाठी नेमलेल्या दुसऱ्या संस्थेकडे. कंपनीच्या तीन सह्या आणि अखेर त्या संस्थेची, असा नियम होता. तरी १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरचे धन गेले. ग्राहकांच्या एकूण ठेवींचा हा जवळजवळ निम्मा भाग. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच मजकुरावर झाली. त्या संस्थेने दोष आपला नसल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. कुलपे सगळी शाबूत होती. किल्लीदारांनी आपण काय उघडतो आहोत हे पाहिले नव्हते, किंवा त्यांना ते दिसू दिले गेले नव्हते. न वाचता सही करण्याचा रोग कचेऱ्यांना नवा नाही. एवढी किंमत मात्र त्याने क्वचितच वसूल केली असेल.

पुण्यातील प्रकरण याहूनही विलक्षण आहे. २०१८ मधील एका बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी दोन तज्ज्ञांची मदत घेतली. आरोपींच्या खात्यांतील चलन आपल्याकडे वळविल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये त्याच दोघांना अटक झाली. आरोप सिद्ध होवो वा न होवो, किल्ली दाखविणे म्हणजेच किल्ली देणे, हा या धनाचा विशेष त्यातून उघड होतो.

उलट टोकाचे उदाहरण जयपूरचे. कॅनडातील क्वाड्रिगा या बाजारपेठेचा तरुण संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये तेथे वारला आणि किल्ल्या त्याच्यासमवेत गेल्याचे कंपनीने जाहीर केले. चौकशीअंती २०२० मध्ये ओंटारिओच्या नियामक मंडळाने निष्कर्ष काढला की, बहुतेक पैसा त्याने आधीच लबाडीने घालविला होता. मात्र एका माणसाखेरीज कोणालाही तिजोरी उघडता येत नव्हती, म्हणूनच ती रिकामी आहे हे कोणाला कळले नाही.

न्यायालये आता या धनाची दखल घेऊ लागली आहेत. वझीरएक्सच्या एका ग्राहकाच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कूटचलन ही मालमत्ता असल्याचे म्हटले. मालमत्ता म्हटली की वारस आले. परंतु वारसाचा हक्क न्यायालयाने मान्य केला तरी हरवलेले बारा शब्द न्यायालयास सांगता येत नाहीत. म्हणून जाणते लोक ते शब्द मोबाइलमध्ये अगर छायाचित्रात ठेवीत नाहीत. कागद जळतो व शाई विटते म्हणून पोलादाच्या पट्टीवर ठोकून घेतात, आणि ती कोठे आहे एवढेच घरच्यांस सांगून ठेवतात.

सरकारी रोकडीच्या जुन्या नियमांत यासाठी एक साधे कलम आहे. रोकडपेटीला दोन भिन्न बनावटीची कुलपे असतील तर दोहोंच्या किल्ल्या निरनिराळ्या माणसांकडे असाव्यात आणि दोघे हजर असल्याखेरीज पेटी उघडू नये. जोडकिल्ल्या मोहरबंद करून कोषागारात ठेवाव्यात, त्यांची नोंदवही असावी, आणि दर वर्षी एप्रिलमध्ये त्या मागवून, तपासून, नव्या मोहरेनिशी परत पाठवाव्यात.