प्रोस्टेट कर्करोगावरील बीजोपचार आणि देयकपद्धतीचा इतिहास : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना : आरोग्यव्यवस्थेचा इतिहास बहुधा रुग्णालयांच्या स्थापनेवरून लिहिला जातो. तथापि उपचाराचा खर्च कोणी, कोणत्या नावाखाली व किती दिवसांसाठी दिला, याची खरी नोंद देयकात असते. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील बीजोपचार हे याचे उद्बोधक उदाहरण होय.

बीजोपचार व संकेतांक : या उपचारात तांदळाच्या दाण्याएवढी आयोडीन-१२५ची किरणोत्सारी बीजे ग्रंथीत कायमची बसविली जातात. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने नेत्र व प्रोस्टेट कर्करोगासाठी अशी बीजे देशातच विकसित केली. अमेरिकेत सुया रोवण्यासाठी ५५८७५ व बीजे बसविण्यासाठी ७७७७८ हे संकेतांक आहेत. २००३च्या मेडिकेअर कायद्यानुसार रुग्णालयांना बीजांचा मोबदला स्वतंत्र मिळतो. तेथील देयकात प्रत्येक बीज मोजले जाते.

महाराष्ट्रातील पॅकेजपद्धती : राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मराठवाड्यातील केवळ नांदेडचा समावेश होता. लातूरला ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी उर्वरित राज्याबरोबर लागू झाली. तत्पूर्वीची जीवनदायी योजना दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती होती. परिणामी सुमारे साडेसोळा महिने कंधारच्या केशरी शिधापत्रिकाधारकास जे संरक्षण होते, ते लगतच्या अहमदपूरमधील तशाच कुटुंबास नव्हते. आजार एकच, शिधापत्रिकेचा रंगही एकच. भेद केवळ जिल्ह्याच्या सीमेचा होता.

नव्या योजनेत प्रतिकुटुंब वार्षिक दीड लाख रुपयांची मर्यादा, ९७२ उपचारांची यादी व १२१ पाठपुरावा पॅकेजे होती. पूर्वमंजुरीनंतर उपचाराचा ठरलेला एकत्रित दर रुग्णालयास मिळे. त्यामुळे रुग्ण रोकड जमविण्याच्या विवंचनेतून सुटला, ही मोठी उपलब्धी होय. परंतु मूळ पॅकेजची मुदत रुग्णास घरी सोडल्यानंतर १० दिवसांची होती. आयोडीन-१२५ची किरणोत्सारिता निम्मी होण्यासच सुमारे ५९ दिवस लागतात. शरीरातील बीज कार्यरत असतानाच कागदावरील उपचार संपतो.

निष्कर्ष : २०१७मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले व २०२३च्या निर्णयाने मर्यादा पाच लाख रुपये झाली. मर्यादेची रक्कम वाढली, तरी रुग्णास प्रत्यक्षात काय मिळेल, हे यादीतील उपचाराची व्याख्या व पॅकेजची मुदत ठरविते. म्हणून प्रादेशिक विषमतेच्या अभ्यासकांनी अनुशेषाच्या आकड्यांबरोबर देयकांच्या याद्याही ऐतिहासिक साधन मानणे आवश्यक आहे.