स्टेशनाबाहेरची परमिट रूम

मुंबईच्या खाण्यापिण्याचा इतिहास लिहिला जातो तेव्हा तो बहुधा दादर-माटुंग्यापाशी थांबतो. फोर्टातले इराणी, गिरगावातल्या खानावळी, माटुंग्याची उडुपी हॉटेलं यांवर भरभरून लिहिलं गेलं आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या स्टेशनांबाहेर खाली राइस प्लेट आणि वर परमिट रूम अशी जी हॉटेलं उभी राहिली, त्यांना मात्र काही इतिहास असेल असं कुणी धरत नाही. शहराची नक्कल म्हणून ती सोडून दिली जातात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. ही हॉटेलं उपनगराचीच निपज आहेत. दारूबंदीचा कायदा, कारखान्यांची वाढ आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यातला जमिनीचा प्रश्न या तिन्हींची गाठ इथे पडली, म्हणून ती घडली. आणि ती घडली मुख्यतः पोटापाण्यासाठी घरापासून लांब दिवस काढणाऱ्या माणसासाठी.

हा मुलूख मुळात मुंबईचा नव्हताच. 1920 मध्ये उपनगर जिल्हा निघेपर्यंत अंधेरी-घाटकोपरही ठाणे जिल्ह्यात होतं. महापालिकेची हद्द तिथवर 1950 साली आली, बोरिवली-मुलुंडपर्यंत 1957 साली. विजेवरची लोकल बोरिवलीला 1928 मध्येच पोचली होती, तरी पुढची एकोणतीस वर्षं बोरिवली मुंबईबाहेरचंच गाव राहिलं. या गावांतलं पेय माडी. ती काढण्याचा धंदा भंडाऱ्यांचा. 1878 च्या आबकारी कायद्याने माडामागे जबर कर बसवला, गाळण्याचं काम मोठ्या भट्ट्यांकडे गेलं, उरणच्या भट्ट्यांमधली मोहाची दारू सगळीकडे पोचू लागली आणि भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्याचं कंबरडं मोडलं. इथला माणूस काय पिणार आणि कुठे बसून पिणार हे सरकार ठरवतं, याची सुरुवात तिथे झाली.

पुढचा घाव 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. एप्रिल 1950 पासून दारूबंदी पूर्णपणे लागू झाली. बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1951 मध्ये कायद्याची काही कलमं उडवली, पण बराचसा कायदा शाबूत राहिला. परदेशी पाहुण्याला किंवा डॉक्टरचा दाखला आणणाऱ्याला परवाना मिळे आणि अशांनी इतरांच्या नजरेआड बसून प्यावं म्हणून बड्या हॉटेलांत वेगळी खोली, म्हणजे परमिट रूम, असे. बाकीच्यांसाठी आंटीचे अड्डे होते. ख्रिस्ती गावठाणांतल्या, वाड्यांतल्या बायका घराच्या पुढच्या खोलीत गावठीचा ग्लास विकत. वर मीठ लावलेलं उकडलेलं अंडं किंवा मूठभर चणे. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, सत्तरच्या दशकात परवाने वाढले. उपनगरातल्या परमिट रूमने यातून दोन्ही घराण्यांचा वारसा उचलला, असं मला वाटतं. काळी काच, जाड पडदा, जिन्याने वर गेल्यावर लागणारी मंद उजेडाची खोली, हे बड्या हॉटेलातून आलं. परवडणारा दर, चकण्याची वाटी आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखणं, हे आंटीकडून.

गिऱ्हाईक आणलं कारखान्यांनी. मुलुंड, भांडुप, विक्रोळीत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा कंपन्या आल्या. अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत झाली, 1973 मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र आलं. 1948 च्या कारखाना कायद्यानुसार अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे सरकार कँटीनची सक्ती करू शकत असे. अशा कँटीनच्या कंत्राटांत मंगळूर-उडुपीकडची माणसं शिरली. त्यांच्यातली किती तरी पोरं दिवसा टेबलं पुसून संध्याकाळी नाइट स्कूलला जात. तिकडे जमीन सुधारणा कायद्याच्या 1974 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात कुळांना जमिनी मिळाल्या, बंट समाजातल्या जमीनदार घराण्यांच्या हातून शेती गेली, आणि आधीपासून चालू असलेला मुंबईचा ओघ वाढला. शेट्टींच्या हॉटेलाचा दिवस आजही ठरलेला असतो. गल्ल्यामागे कटीलच्या दुर्गापरमेश्वरीची तसबीर, तिला सकाळी ताजा हार, उदबत्ती. मग इडली-वड्याची घाई. दुपारी स्टीलच्या ताटात दोन भाज्या, आमटी, पुऱ्या, भात, पापड, ताक. संध्याकाळी वरच्या मजल्यावर क्वार्टर, सोडा, काकडीच्या फोडी. औषध कंपनीचा प्रतिनिधी, मशीन बसवायला पुण्याहून किंवा नाशिकहून आलेला फिटर, हिशेब तपासायला आलेला ऑडिटर, यांना एकट्याने टेबल अडवून बसता येई आणि कुणी हटकत नसे. चुलीवरून जात ओळखणाऱ्या जुन्या खानावळीत ही मोकळीक नव्हती.

यावर कुणी म्हणेल, दारूच्या गुत्त्याला इतिहासाची झूल कशाला? या जागांनी संसार उद्ध्वस्त केले. हे खोटं नाही. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, ती भोगल्यामुळेच. पण माणसं मेली कुठे, तेही पाहायला हवं. 2004 मध्ये विक्रोळीत आणि 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीत शंभरावर गेले. ती दारू परमिट रूममधली नव्हती, परमिट रूमही न परवडणाऱ्यांच्या वस्तीतली होती. दुसरा आक्षेप परकेपणाचा. साठच्या दशकात शिवसेनेचा रोख दाक्षिणात्यांवर होता, उडुपी हॉटेलांना त्याची झळ लागली. पण याच हॉटेलांनी मराठी कारकुनाला डबा न आणलेल्या दिवशी परवडेल असं जेवण दिलं, आणि मालवणी मसाल्याचं सुरमई फ्राय त्यांच्या मेनूकार्डावर आलं ते मराठी गिऱ्हाइकामुळेच. तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: कायद्याने सगळं घडलं असं म्हणताना चालवणाऱ्याच्या कष्टांचं श्रेय जातं. ते जाऊ नये. कायद्याने खोली दिली, ती उजेडात आणि हिशेबात ठेवली ती माणसांनी.

कायद्याचा हात अजून सुटलेला नाही. 2016 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. 1 एप्रिल 2017 ला द्रुतगती मार्गांलगतच्या परमिट रूम एका रात्रीत कोरड्या पडल्या, आणि शहरातल्या रस्त्यांबाबत खुलासा होईपर्यंत वेटर रिकामे बसले. आता पुनर्विकासात स्टेशनालगतच्या जुन्या इमारती एकामागून एक जात आहेत. हॉटेल बंद होतं तेव्हा फलक भंगारात जातो आणि कागद रद्दीत. उपनगरातल्या हॉटेलवाल्या कुटुंबांना एवढीच विनंती: जुने परवाने, भाडेपावत्या आणि दर छापलेली मेनूकार्डं टाकू नका. जवळच्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला त्यांच्या प्रती द्या.