भगवा ध्वज : खानदेशातील अर्थभेद

काव किंवा गेरूच्या रंगाचा, बहुधा दोन टोकांचा ध्वज. मराठी मुलखात तो भक्तीचे, मराठेशाहीच्या वारशाचे आणि पक्षनिष्ठेचे निशाण आहे. रामदासस्वामींच्या छाटीवरून तो आला ही कथा लोकप्रिय आहे, मात्र तिला समकालीन आधार नाही. जरीपटका हा मराठेशाहीतील मानाचा ध्वज वेगळा.

खानदेशात ध्वजाचा सर्वांत रुळलेला अर्थ वारीचा. मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची आणि अमळनेरहून सखाराम महाराज संस्थानाची दिंडी पंढरपूरला निघते. या दिंड्यांतील पताका विठ्ठलाची. ती धरणाऱ्याला राजकारणाशी कर्तव्य नसते. सप्तशृंगगडाच्या चैत्रोत्सवात शिखरावर लागणारा कीर्तिध्वज दरेगावचे गवळी पाटील वर नेतात. खानदेश हे देवीचे माहेर मानले जात असल्याने इकडचे पदयात्री त्याकडे लेकीच्या सन्मानाचे निशाण म्हणून पाहतात.

पारोळ्यात या अर्थांत इतिहासाची भर पडते. येथील भुईकोट 1727 चा मानला जातो. तो झाशीच्या नेवाळकर घराण्याच्या जहागिरीतला. 1857 च्या उठावानंतर, 1859 मध्ये, इंग्रजांनी तो जप्त करून मोडला. त्यामुळे स्थानिक अभिमानात शिवरायांच्या जोडीने राणी लक्ष्मीबाईही येतात. प्रत्यक्षात ही जहागीर पेशवाईतील, शिवकाळानंतरची. वारसा सांगताना हा फरक सहसा गाळला जातो.

विसाव्या शतकात ध्वजाला संघटनांचे अर्थ चिकटले. 1925 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने त्याला गुरुस्थानी मानले. 1966 मध्ये शिवसेनेने तो मराठी अस्मितेसाठी उचलला. पुढे त्याच ध्वजाखाली हिंदुत्वाचे राजकारण उभे राहिले. मग तेच कापड समर्थकाला स्वराज्याची आठवण, तर अनेक मुस्लिम व आंबेडकरी नागरिकांना बहुसंख्याकांच्या वर्चस्वाची खूण वाटू लागले. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाते, झेंडा कोणत्या चौकात लागतो, यावर तणाव उमटतो तो यामुळेच. आंबेडकरी निळा ध्वज मानणाऱ्या घरातला माणूस वारीत पताका खांद्यावर घेईल आणि निवडणुकीत भगव्यापासून दूर राहील, यात विसंगती नाही. चिन्हावरूनही वाद होतो: 23 जानेवारी 2020 रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने भगव्यावर शिवरायांची राजमुद्रा घेतली, तेव्हा तिच्या पक्षीय वापराला काही मराठा संघटनांनी हरकत घेतली.

खानदेशाबाहेर, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात अर्थ पुन्हा बदलतो. बेळगावात भगवा मराठी भाषकांच्या महाराष्ट्रात सामील होण्याच्या मागणीचा, तर लाल-पिवळा कन्नड अस्मितेचा. 1 नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला काळा दिन असतो. तेथे विरोध धर्माचा नसून भाषेचा आहे, आणि दोन्ही ध्वज धरणारे बहुतांशी एकाच धर्माचे.

भगव्याला राष्ट्रध्वजासारखे कायदेशीर संरक्षण नाही. 1971 चा राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाचा कायदा तिरंग्याला लागू होतो. 2002 च्या ध्वजसंहितेनुसार मात्र कोणताही अन्य ध्वज तिरंग्याच्या वर किंवा त्याच्या शेजारी बरोबरीने लावता येत नाही.