कॅम्बसलँगच्या दोन वह्या

पंगती २४ उठल्या की २५? १५ ऑगस्ट १७४२ च्या रविवारी स्कॉटलंडमधल्या कॅम्बसलँग गावाच्या उतारावर, उघड्या आकाशाखाली, प्रभुभोजनाचा विधी झाला. लांबलचक मेजं मांडलेली, त्यांच्या दोन्ही अंगांना माणसं बसलेली. भाकर आणि द्राक्षारस हातोहात पुढे सरके. एक पंगत उठली की दुसरी बसे. गावचे पाळक विल्यम मॅककलॉक यांनी नंतर एका पत्रात याचा हिशेब मांडला. एका पंगतीला ११४, ११६ किंवा १२० माणसं धरायची, आणि पंगती आपल्या अंदाजाने २४. पण मेजांजवळ बसलेल्या एका माणसाने हातात लेखणी धरून दर पंगतीला एक खूण केली होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पंगती २५ झाल्या आणि शेवटच्या पंगतीत पाच-सहा जागाच रिकाम्या होत्या. मॅककलॉक यांनी आपला आकडा सोडून त्याचा घेतला, कारण मेजावर बसण्याचा परवाना म्हणून वाटलेली टोकनं सुमारे ३,००० होती आणि २५ पंगतींचा हिशेब त्यांच्याशी बरोबर बसत होता.

नुसतं प्रवचन ऐकायला आलेल्या गर्दीचं असं मोजमाप नव्हतं. कुणी ५०,००० म्हणत होतं, कुणी ४०,०००. मॅककलॉक यांनी कानावर आलेला सगळ्यात लहान आकडा नोंदवला, ३०,००० च्या वर. मोठ्या जमावांची सवय असलेले इंग्रज प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्डही त्याच आकड्याशी सहमत होते, असं मॅककलॉक सांगतात. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो तो गर्दीसाठी नव्हे. ज्याच्या कागदांवर हा सगळा इतिहास उभा आहे तो माणूस आकडा फुगवणारा नव्हता, आणि दुसऱ्याची खूण आपल्या स्मरणापेक्षा खरी मानण्याइतका सरळ होता, एवढं यातून हाती लागतं. तरी ३०,००० हा अंदाजच. ३,००० ला मात्र धातूच्या तुकड्यांचा आधार आहे.

प्रेस्बिटेरियन मंडळीत प्रभूच्या मेजावर कुणीही उठून बसू शकत नसे. पाळक आणि मंडळीचे वडील आधी माणसाची विचारपूस करत. धर्मशिक्षणातली प्रश्नोत्तरं येतात का, घरात प्रार्थना होते का, शेजाऱ्याशी वैर आहे का, वागणुकीबद्दल काही बोललं जातं का, हे पाहून मग त्याच्या हातावर बहुधा शिशाचं एक छोटं टोकन ठेवत. ते नसेल तर मेजावर जागा नाही. माणूस देवाच्या किती जवळ गेला हे कोण ठरवणार, असा प्रश्न आज कुणीही विचारील. तिथे निदान त्याची बाहेरची बाजू शेजारपाजारच्या शेतकऱ्या-विणकऱ्यांतून निवडलेले वडीलच ठरवत. त्या ऑगस्टमध्ये टोकनं मिळाली असती तर आणखी हजारभर माणसं मेजावर बसली असती, असं मॅककलॉक लिहितात. आणि ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे पाळकाच्या हद्दीतल्या परिसरात, हे घडलं तिची स्वतःची लोकसंख्या हजाराच्या आत होती.

ग्लासगोपासून आग्नेयेला पाचेक मैलांवर, क्लाइड नदीच्या काठची ही पॅरिश. शेती, कोळशाच्या खाणी, तागाच्या कापडाचे माग. देऊळ मोडकळीला आलेलं आणि अपुरं, म्हणून हवा बरी असेल तेव्हा जवळच्या उतारावर उपासना चाले. मॅककलॉक १७३१ मध्ये इथे आले तेव्हा चाळिशीचे होते. विद्वान, पण वक्ते नव्हेत. त्यांच्याच मुलाने, तोही पाळक, पुढे वडिलांच्या प्रवचनांना चरित्र जोडताना त्यांच्या जिभेला ओघ नव्हता हे लपवलेलं नाही. मोठ्या मेळाव्यात ते बोलायला उभे राहिले की श्रोते उठून बिअर प्यायला जात, म्हणून त्यांना ‘बिअरवाले पाळक’ असं टोपणनाव पडलं होतं. तेव्हा पुढे जे झालं त्याचं श्रेय वक्तृत्वाला देण्याची सोय इतिहासकाराला उरत नाही.

मग कशाला द्यायचं? कागद दोन गोष्टींकडे बोट दाखवतात. पहिली प्रार्थनामंडळं. आठ-दहा माणसं कुणाच्या तरी घरी ठरलेल्या दिवशी जमत, स्तोत्र म्हणत, बायबल वाचत, आळीपाळीने प्रार्थना करत. पाळक हजर असलेच पाहिजेत असं नव्हतं. मॅककलॉक आले तेव्हा अशी तीन मंडळं होती. १७४२ मध्ये डझनावर गेली. दुसरी गोष्ट वाचनाची. मॅककलॉक यांनी १७४१ च्या अखेरीपासून ‘ग्लासगो वीकली हिस्टरी’ नावाचं स्वस्त साप्ताहिक चालवलं. त्यात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधून आणि इतर ठिकाणांहून आलेली धर्मजागृतीची पत्रं छापत. ही पत्रं ते मंडळीला वाचूनही दाखवत. दूरच्या कुणा सुताराला, मोलकरणीला काय झालं हे कॅम्बसलँगच्या माणसांनी आधी ऐकलेलं होतं. आपल्याला काय होऊ शकतं याचा एक नमुना त्यांच्या मनात तयार होता. टीकाकार याला नक्कल म्हणतील. मी म्हणेन, भाविक माणूस कुठलाही असो, अनुभवाची भाषा आधी कानावर पडावी लागते.

जानेवारी १७४२ च्या अखेरीस इन्ग्रॅम मोर हा चांभार आणि रॉबर्ट बोमन हा विणकर एक अर्ज घेऊन घरोघर फिरले. सुमारे ९० कुटुंबप्रमुखांनी त्यावर संमती दिली. मागणी एवढीच की पाळकांनी रविवारखेरीज आठवड्यात आणखी एक प्रवचन द्यावं. गुरुवार ठरला. याआधीची दोन वर्षं कठीण गेली होती: १७३९-४० चा हाडं गोठवणारा हिवाळा, मग पिकांची हानी आणि धान्याची टंचाई. अर्जामागे भूक होती असं म्हणण्यापर्यंत मी जाणार नाही. पण ज्यांनी संमती दिली त्यांनी ती वर्षं अंगावर काढली होती, हे विसरूनही चालणार नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारपासून प्रार्थनामंडळं पाळकांच्या घरी एकत्र जमू लागली. गुरुवारी, १८ फेब्रुवारीला, प्रवचन संपल्यावर सुमारे ५० माणसं रडत, कापत त्यांच्या घरी आली, आणि ती रात्र मॅककलॉक यांनी त्यांच्याशी बोलण्यात काढली. त्यानंतर सुटीचे दिवस राहिलेच नाहीत. मे महिन्यात किलसाइथ या दुसऱ्या पॅरिशमध्येही असंच सुरू झालं. जुलैत व्हाइटफील्ड आले. ११ जुलैच्या प्रभुभोजनाला सुमारे १,७०० माणसं मेजावर बसली. एवढ्या लवकर पुन्हा प्रभुभोजन ठेवण्याची रीत नव्हती. तरी एडिंबराचे पाळक अलेक्झांडर वेबस्टर यांनी सुचवलं, प्रार्थनामंडळांनी विचार केला, आणि ऑगस्टची तारीख ठरली. त्या ऑगस्टसाठी टॉरफिकेनहून बॉनर नावाचे म्हातारे पाळक निघाले. प्रकृती इतकी खंगलेली की घोड्यावरून १८ मैल यायला त्यांना तीन दिवस लागले.

इथवरची हकिगत पत्रांवर आणि छापील निवेदनांवर उभी राहते. पण खरा ऐवज आहे तो एडिंबराच्या न्यू कॉलेजच्या ग्रंथालयातल्या दोन जाड हस्तलिखित वह्यांत. मॅककलॉक यांनी आपल्याकडे आलेल्या माणसांना बसवून त्यांचं आत्मवृत्त पहिल्या पुरुषात लिहून घेतलं. शंभराहून थोडी जास्त माणसं, बाराशेंवर पानं. नावांऐवजी आद्याक्षरं, वय, लग्न झालंय की नाही, धंदा: विणकर, शिपाई, मोलकरीण, कुळाची मुलगी. त्यांत सुमारे दोनतृतीयांश स्त्रिया. जवळजवळ सगळ्यांना वाचता येत होतं. लिहिता येणाऱ्या बाया मात्र दहात एखादी. त्याच सुमाराला इकडे पुण्यात नानासाहेब पेशव्यांचा कारभार चालू होता. आपल्या दफ्तरांत साध्या बाईची जबानी सापडते ती बहुधा तंट्या-बखेड्यात, सरकारी चौकशीपुढे दिलेली. इथे मोलकरीण बोलते आहे ती शेताच्या बांधावर, गोठ्यात, गंजीआड एकटी प्रार्थना करताना मनात काय आलं याबद्दल.

मात्र हा आवाज थेट तिचा समजणं चूक ठरेल. वृत्तांतांचा क्रम बहुधा सारखाच: आईबापांनी प्रार्थना शिकवली, प्रश्नोत्तरं पाठ केली, मग तारुण्यातला बेफिकीरपणा, मग कुतूहलापोटी व्हाइटफील्डना किंवा कॅम्बसलँगच्या प्रवचनाला जाणं, एखादं वचन काळजात घुसणं, अंग थरथरणं, निराशा, सुटका, प्रभुभोजन. शंभर माणसांची आयुष्यं आपोआप अशी एका साच्यात बसत नाहीत. समोर बसलेला पाळक ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारत असणार, हा तर्क मला टाळता येत नाही. शिवाय सांगणारीला त्याच्याकडून टोकन हवं होतं. तरी साचा एवढा घट्ट नव्हता की त्यातून काहीच सांडू नये. कुणी म्हणतं, दोन दिवस ऐकलं आणि काहीच झालं नाही, इतर रडत होते आणि मी कोरडीच राहिले म्हणून घाबरले. कुणाला प्रवचनापेक्षा वाटेवर भेटलेल्या अनोळखी बाईचं बोलणं लागलं. अशी वाक्यं कुठल्याही पाळकाच्या प्रश्नावलीत आधीपासून लिहिलेली नसतात.

वह्यांचा आणखी एक थर आहे. छापण्याच्या इराद्याने मॅककलॉक यांनी मजकूर चार पाळकांकडे पाठवला: वेबस्टर, डंडीचे जॉन विलिसन, कारनॉकचे टॉमस गिलेस्पी आणि अॅबर्डीनचे जेम्स ओगिल्वी. त्यांनी वाचता वाचता जे छापू नये असं वाटलं ते कंसात टाकलं. काय काय कंसात गेलं? दिसलेली रूपं, ऐकू आलेले आवाज, स्वप्नं, वचन अचानक मनात चमकून त्यालाच देवाचा खास निरोप मानणं, मूर्च्छा आणि किंकाळ्या, आपण तरलो याची फार ठाम ग्वाही, आणि एखाद्या पाळकाविरुद्धचा शेरा. म्हणजे गावकरी आपल्या अनुभवाचा गाभा ज्याला समजत होते, त्यातलं बरंचसं हितचिंतक विद्वानांना अडचणीचं वाटलं.

त्यांची अडचण खरी होती. १७३३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमधून फुटून निघालेल्या गटाने ४ ऑगस्ट १७४२ हा दिवस या प्रकाराविरुद्ध उपवासाचा म्हणून जाहीर केला, आणि त्यांच्यातले अॅडम गिब यांनी लोकांना सावध करणारं पत्रक छापून व्हाइटफील्डना खोटा ठरवलं. त्यांच्या लेखी कॅम्बसलँगच्या किंकाळ्या सैतानाच्या होत्या. अशा वेळी एखाद्या विशीतल्या मुलीने मला ख्रिस्त रक्तबंबाळ दिसला असं म्हटलेलं छापलं, की विरोधकांच्या हातात कोलीतच. चौघांनी कंस घातले ते भीतीपोटी, आणि थोडं शिकवणीपोटीही: चर्मचक्षूंना दिसणं वेगळं आणि श्रद्धेला उमगणं वेगळं, हा भेद त्यांच्या धर्मशास्त्रात पक्का होता. पण या चौघांचे इतिहासावर उपकार झाले ते एका साध्या कारणाने. त्यांनी खोडलं नाही. शाई फासली नाही, पान फाडलं नाही, फक्त कंस घातला. पुस्तक त्या काळी निघालंच नाही. शंभर वर्षांनी त्यातले उतारे निवडून छापले गेले, आणि सगळा मजकूर, कुणी काय कंसात घातलं त्यासह, २०१३ मध्ये स्कॉटिश हिस्टरी सोसायटीने कीथ बीबी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. आता मंडळीचा अनुभव आणि मंडळीच्या कारभाऱ्यांना पटलेला अनुभव एकाच पानावर वाचता येतो.

गदारोळ ओसरल्यावर काय उरलं? १७४३ नंतर गर्दी पांगली. ३० एप्रिल १७५१ रोजी मॅककलॉक यांनी एक निवेदन केलं: १७४२ मध्ये जागृत झालेल्यांपैकी सुमारे ४०० जणांची वागणूक गेली नऊ वर्षं, किंवा मधे वारले असतील तर मरेपर्यंत, आपल्या माहितीप्रमाणे नीट राहिली. मागे घसरलेले पुष्कळ आहेत हेही ते मान्य करतात, आणि ज्यांची पुढे खबर नाही त्यांच्याबद्दल काही बोलत नाहीत. पुरावा म्हणून जे दिलं जातं ते सगळं चारचौघांत दिसणारं: शिव्याशाप आणि दारू सुटली, कुणाचं लुबाडलेलं परत केलं, जुनी वैरं मिटवली, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू झाली. नऊ वर्षांनी मोजायचं म्हटल्यावर गावाला दुसरं काय मोजता येणार? तीसेक हजारांच्या गर्दीपुढे ४०० हा आकडा किरकोळ वाटेल, पण तशी तुलना बरोबर नाही. बहुतेक गर्दी बाहेरगावची होती आणि ऐकून घरी गेली. ४०० ही यादी माहीत असलेल्या, नावानिशी माग ठेवलेल्या माणसांची आहे.

एवढं असूनही या निवेदनापेक्षा वह्यांतल्या कितीएक वृत्तांतांचे शेवटचे परिच्छेद मला जास्त विश्वासार्ह वाटतात. सुटकेचा आनंद सांगून झाल्यावरही मॅककलॉक यांची लेखणी थांबत नाही. सांगणारी पुढच्या महिन्यांचंही सांगते: प्रार्थनेत मन लागेना, झालं ते खरं होतं की भास याची शंका आली, पुढच्या प्रभुभोजनाला टोकन घ्यावं की नाही याच्या विवंचनेत रात्र गेली, मग प्रार्थनामंडळात गेले आणि बरं वाटलं, मग पुन्हा कोरडेपणा. या शंकांनी पाळकांच्या बाजूचं काहीच सिद्ध होत नव्हतं. उलट गिब यांच्यासारख्यांना त्या आयत्याच मिळाल्या असत्या. तरी त्या लिहून घेतल्या गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा चौघांनी कंसाबाहेरच राहू दिल्या.