चर्चिलची वामकुक्षी

‘मोठी माणसं चारच तास झोपतात’ हे आपल्याला रील्समधून इतक्यांदा ऐकवलं जातं, की आठ तास झोपणाऱ्याला उगाच अपराधी वाटू लागतं. अशा गोष्टींत मार्गारेट थॅचर असतात, तसे विन्स्टन चर्चिलही. दुसऱ्या महायुद्धात मध्यरात्र उलटून गेल्यावरही काम करणारा ब्रिटनचा पंतप्रधान! हे खरं आहे, पण अर्धंच.

चर्चिल दुपारी झोपत. खुर्चीतली डुलकी नव्हे; कपडे उतरवून, पलंगावर, निदान तासभर. या झोपेचं महत्त्व त्यांना १८९५ मध्ये क्युबात पटलं. विशीतले लष्करी अधिकारी असताना ते तिथल्या स्पॅनिश फौजेबरोबर हिंडले होते. भर उन्हात ती फौज थांबायची, जेवायची आणि चक्क झोपायची. पुढे युद्धकाळातही चर्चिलनी ही वामकुक्षी सोडली नाही. तिच्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचं काम होतं, असं ते सांगत. शिवाय सकाळचे कागद ते अंथरुणातच वाचत, पत्रांचा मजकूरही तिथूनच सांगत.

म्हणजे ते झोप टाळत नव्हते, तिचे दोन भाग करत होते. पण ही सोय पंतप्रधानांची होती, बाकीच्यांची नव्हे. डिसेंबर १९४१ पासून सेनाप्रमुख असलेल्या ॲलन ब्रुक यांच्या रोजनिशीत मध्यरात्रीनंतर लांबणाऱ्या बैठकांबद्दलचा वैताग पुन्हा पुन्हा येतो. दुपारी झोपलेले चर्चिल रात्री ताजेतवाने असत. समोरचे सेनापती मात्र सकाळपासून राबलेले. आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या बैठका ठरलेल्या असतच. चर्चिलच्या त्या प्रसिद्ध रात्रींची किंमत अशी इतरांच्या झोपेतून मोजली गेली.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी, असं एकमतानं सांगितलं. सहा तासांत खरोखर भागणारी माणसंही असतात; २००९ मध्ये संशोधकांना अशा एका आई-मुलीत तसा जनुकीय बदल सापडला. पण तो फार दुर्मीळ आहे, जिद्दीनं कमावता येत नाही.

तेव्हा कुणी आपल्या चार तासांचं कौतुक सांगू लागलं, तर दुपारचा हिशेब जरूर विचारावा. आणि त्याच्यासाठी रात्री आणखी कोण कोण जागं होतं, हेही.