माथेरानचा बंद रस्ता : वाढ, वसती आणि सुरक्षितता ह्यांविषयीचा रहिवाशांचा वाद

गिरिस्थानांच्या इतिहासात बहुधा तीनच गोष्टींचा ऊहापोह आढळतो : स्थानाचा शोध कोणी लावला, तेथील हवा कशी आहे आणि उन्हाळ्यात तेथे कोण थोर पुरुष मुक्कामास येत. त्या स्थानी बारमाही राहणाऱ्या लोकसमूहाचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. माथेरानच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव मोटारींस बंद असलेले गिरिस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. ही बंदी कितपत शिथिल करावी, ह्यावरून तेथील रहिवाशांत दीर्घकाळ वाद चालत आला असून त्यास सामान्यतः ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ असे रूप दिले जाते. हे रूप अपुरे आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. बंद रस्त्यामुळे माथेरानास एक मूल्य प्राप्त झाले आणि त्याच बंद रस्त्यामुळे तेथे काही कष्टही उत्पन्न झाले. त्या मूल्याचा लाभ कोणास आणि त्या कष्टांचा भार कोणावर, हा ह्या वादाचा खरा विषय होय.

१. वसाहतीची घडण

मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा चौक येथील मुक्कामाहून डोंगर चढून गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा येऊन त्याने तेथे राहण्याची सोय केली. माथेरानच्या ‘शोधा’ची कथा ती हीच. परंतु हा डोंगर तत्पूर्वी निर्मनुष्य नव्हता. धनगर, ठाकूर व कातकरी ह्यांचा वावर त्याच्या माथ्यावर व उतारांवर होता, आणि मॅलेटने धरलेली वाटदेखील कोणाच्या तरी नित्याच्या येण्याजाण्याचीच असली पाहिजे. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्याने स्थानाच्या उभारणीस चालना दिली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग पायथ्याच्या नेरळपर्यंत आल्यावर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मागोमाग मुंबईतील पारशी, बोहरा व गुजराती धनिकांनी येथे बंगले बांधले.

बंगल्यांच्या ह्या वस्तीबरोबरच दुसरी एक वस्ती निर्माण होणे अपरिहार्य होते. पाणी भरणारे, ओझी वाहणारे, घोडे हाकणारे, रिक्षा ओढणारे, न्हावी, धोबी व दुकानदार ह्यांच्यावाचून बंगल्यातील विश्रांती अशक्य होती. बंगल्याचा मालक हंगामापुरता येई; सेवक मात्र पावसाळ्यातही तेथेच राही. म्हणजे माथेरानचा कायम रहिवासी हा आरंभापासून मुख्यत्वे सेवा करणारा रहिवासी होता. ह्याच वर्गातून हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल उदयास आले. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात जन्मलेले हे वकील तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या झुंजीत धारातीर्थी पडले. सेवकांची वस्ती केवळ सेवेपुरती राहिली नव्हती, ती नागरिकांची वस्ती झाली होती, ह्याचा हा ठळक पुरावा होय.

आदमजी पीरभॉय ह्यांचे पुत्र अब्दुल हुसेन ह्यांनी १९०४ ते १९०७ ह्या काळात नेरळ ते माथेरान असा दोन फूट रुंदीचा, सुमारे २१ किलोमीटर लांबीचा लोहमार्ग घातला. पुढे नेरळहून घाटरस्ताही झाला. परंतु तो दस्तुरी नाक्यापाशी थांबतो. तेथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच-तीन किलोमीटरांचे अंतर पायी, घोड्यावर, हातरिक्षाने किंवा छोट्या गाडीनेच तोडावे लागे. माथेरानचा वाद भौगोलिकदृष्ट्या ह्या अडीच-तीन किलोमीटरांच्या लाल मातीच्या रस्त्याभोवती फिरतो.

२. रूढीचे कायद्यात रूपांतर

वाहनांस मज्जाव हा प्रारंभी स्थानिक नियमाचा व रूढीचा भाग होता. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने अधिसूचना काढून माथेरान व सभोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरांचा प्रदेश पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाबतीत अशी घोषणा जानेवारी २००१ मध्येच झाली होती. ह्या अधिसूचनेने रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी हे अपवाद वगळता नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनांस बंदी घातली, बांधकामावर निर्बंध लादले, विभागीय बृहद्‌आराखडा तयार करण्याचे बंधन घातले आणि सनियंत्रण समितीची तरतूद केली.

महाबळेश्वर, पाचगणी किंवा वऱ्हाडातील चिखलदरा ह्या ठिकाणी मोटार थेट बाजारापर्यंत जाते. तेथेही बांधकामाच्या मर्यादेवरून मतभेद संभवतात. परंतु प्रवासी व त्याचे सामान कोणी वाहावयाचे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. माथेरानात मात्र निसर्गरक्षणाचा नियम हाच श्रमविभागणीचा नियम झाला. इंजिनाची जागा माणसाच्या व जनावराच्या स्नायूंनी भरून काढावयाची, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. वनराई राखली गेली ही गोष्ट खरी. तिची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही.

३. वाढ आणि घरे

‘वाढ’ हा शब्द ह्या वादात सर्व पक्ष वापरतात, पण त्याचा अर्थ तपासला जात नाही. जनगणनेनुसार माथेरानची लोकसंख्या २००१ मध्ये ५,१३९ होती. २०११ मध्ये ती ४,३९३ झाली. म्हणजे ज्या दशकात गर्दी व बांधकामे ह्यांविषयी तक्रार होत होती, त्या दशकात कायम रहिवाशांची संख्या घटत होती. ह्या घटीची सर्व कारणे केवळ आकड्यांवरून सांगता येणार नाहीत. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की, वाढ झाली असेल तर ती वास्तव्याची नव्हे, मुक्कामाची झाली. खोल्यांची मागणी आणि घरांची गरज ह्या दोन भिन्न गोष्टी असून बांधकामनिर्बंध लागू करताना त्यांचा भेद पुरेसा केला गेला नाही.

हॉटेलमालकास वाढीव मजला हवा असतो तो व्यवसायासाठी. घोडेवाल्याच्या वा हमालाच्या कुटुंबात मुलगा लग्नाचा झाला की एक खोली वाढवावी लागते ती राहण्यासाठी. अधिसूचनेच्या दृष्टीने दोन्ही बांधकामे विनापरवाना ठरू शकतात. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर २०१९ च्या सुमारास अशी बांधकामे पाडण्याची मोहीम झाली, तेव्हा कायद्यापुढील ही समानता रहिवाशांस प्रत्यक्ष दिसली. ज्याच्यापाशी दुसरे घर आहे आणि ज्याच्यापाशी नाही, अशा दोघांवर एकाच नियमाचा परिणाम एकसारखा होत नाही, हा आक्षेप त्यातून बळावला. उलट पक्षाचे म्हणणेही दुर्लक्षणीय नव्हते : गरजेच्या नावाने एक खोली क्षम्य मानली, तर तीच खोली पुढील हंगामात पर्यटकास भाड्याने दिली जाते, आणि झाड एकदा गेले की ते परत येत नाही.

४. सुरक्षिततेचे निरनिराळे अर्थ

सुरक्षितता सर्वांनाच हवी आहे. पण भय प्रत्येकाचे वेगळे आहे. वृद्ध, गर्भवती स्त्रिया व शाळकरी मुले ह्यांच्या कुटुंबांस भय वाटते ते अंतराचे. दस्तुरीपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ हाच त्यांच्या दृष्टीने धोका होय. वृक्षप्रेमी व अनेक जुने बंगलेवाले ह्यांस भय वाटते ते इंजिनाचे : आज एक बॅटरीवर चालणारी रिक्षा आली, तर उद्या मोटार येईल. चारशेहून अधिक घोड्यांवर पोट भरणाऱ्या घोडेवाल्यांस भय वाटते ते उपजीविका जाण्याचे. हातरिक्षा ओढणाऱ्यास भय वाटते ते स्वतःच्या छातीचे व गुडघ्यांचे. उतारावरील वाड्यांतून भाजी व ओझी घेऊन रोज चढून येणाऱ्या आदिवासींस भय वाटते ते दरड कोसळण्याचे.

हे अखेरचे भय काल्पनिक नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत लोहमार्ग इतका उद्ध्वस्त झाला की तो मार्च २००७ मध्येच पुन्हा सुरू होऊ शकला. २०१९ च्या पावसाळ्यात तो पुन्हा तुटला व नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्याच इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गाडली गेली. रस्त्यावर बसवावयाच्या ठोकळ्यांचा वादही ह्याच संदर्भात समजून घेतला पाहिजे. एका पक्षाच्या मते ठोकळ्यांमुळे मातीची धूप थांबते व चाक सुरळीत चालते. दुसऱ्या पक्षाच्या मते त्यांमुळे पाणी जमिनीत मुरत नाही, घोड्यांचे पाय घसरतात आणि मोटारींसाठी रस्ता आयता तयार होतो. रस्त्याच्या पृष्ठभागावरचा हा तंटा वस्तुतः त्या रस्त्यावरून भविष्यात कोण जाणार ह्याविषयीचा होता.

५. न्यायालयापुढील वाद आणि २०२५ चा निवाडा

हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेने बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षांची अनुज्ञा मागितली. घोडेवाल्यांच्या संघटनांनी तीस विरोध केला. येथे पर्यावरण विरुद्ध विकास ही मांडणी कोलमडते, कारण दोन्ही पक्ष श्रमजीवी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक अनुज्ञा दिली आणि डिसेंबर २०२२ पासून हा प्रयोग झाला. पुढे २०२४ मध्ये ह्या रिक्षा मूळच्या हातरिक्षावाल्यांसच, म्हणजे ९४ परवानाधारकांतूनच, देण्याचा निर्देश झाला. मार्च २०२५ मध्ये दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, ह्या तक्रारीवरून रहिवाशांनी गाव बंद ठेवले. तेव्हा प्रवेशद्वारावरील व्यवहाराचा लाभ कोणी घ्यावा, हाच प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या पीठाने दिलेला निवाडा ह्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. माणसाने माणसास ओढण्याची पद्धती घटनेने दिलेल्या सामाजिक व आर्थिक न्यायाच्या वचनाशी विसंगत ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्यास न्यायालयाने सांगितले. त्यासाठी पंजाबातील रिक्षाचालकांविषयीच्या १९८० च्या निर्णयाचा आधार घेतला. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर रिक्षा शासनाने घेऊन त्या खऱ्या हातरिक्षावाल्यांस भाडेतत्त्वावर द्याव्यात, उरलेल्या आदिवासी स्त्रिया व इतर स्थानिकांस देता येतील, आणि निधीचा अभाव ही सबब चालणार नाही, असेही स्पष्ट केले. ठोकळ्यांच्या बाबतीत दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचा मुख्य रस्ता एवढीच मुभा देऊन अंतर्गत रस्ते व पायवाटा मोकळ्या ठेवण्यास सांगितले.

ह्या निवाड्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने मोटारबंदी मोडली नाही आणि तिच्यामुळे लादले गेलेले कष्टही पवित्र मानले नाहीत. नवे साधन कोणाच्या हाती जावे, हे साधनाइतकेच महत्त्वाचे मानले. तथापि वादाचे दोन भाग त्याच्या कक्षेबाहेर राहिले. घोडेवाल्यांच्या घटणाऱ्या उत्पन्नाची तरतूद कोणी करावयाची, हा पहिला. मुक्कामाच्या खोल्या आणि राहण्याची घरे ह्यांसाठी वेगळे नियम असावेत काय, हा दुसरा.

माथेरानच्या पुढील अभ्यासकांनी ह्या दोन प्रश्नांकडे लक्ष द्यावयास हवे. त्यासाठी बंगल्यांच्या नोंदींबरोबरच घोडे, हातरिक्षा व हमाली ह्यांच्या परवान्यांची दप्तरे, नगरपरिषदेच्या सभांची इतिवृत्ते आणि उतारावरील वाड्यांतील वृद्धांच्या आठवणी ह्यांचा संग्रह होणे अगत्याचे आहे. हातरिक्षा ओढण्याचा व्यवसाय आता संपुष्टात येत असून तो करणारी पिढी हयात आहे, तोवरच हे काम होऊ शकेल.