घोणशीचे विष पेशीचे पटल कसे फोडते? परळ ते नारायणगाव : सव्वाशे वर्षांचा धागा

जुन्नर म्हटले की नाणेघाट, शिवनेरी आणि लेणी आठवतात, अलीकडे बिबट्याही. परंतु याच तालुक्यातील नारायणगावात सर्पदंशावरील प्रतिविष तयार होते, आणि त्याच्या आसपासच्या उसाच्या फडांत व भातखाचरांत त्याची गरज पडते. हे औषध शरीरात नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे समजण्यासाठी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जावे लागते.

१८९४ मध्ये फ्रान्समध्ये सर्पविषावरील पहिल्या प्रतिविषाची घोषणा झाली. त्यातील एक संशोधक अल्बेर काल्मेत. सायगाव येथे असताना त्याने नागाच्या विषाचा अभ्यास केला होता. घोड्याला विषाची वाढती मात्रा टोचायची आणि त्याच्या रक्तातील रक्तद्रव औषध म्हणून वापरायचे, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. नागाविरुद्ध केलेले हे औषध सर्वच सापांवर चालेल, असा काल्मेतचा विश्वास होता.

त्या विश्वासाला तडा देणाऱ्यांपैकी एक जण मुंबईत होता. परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (हीच पुढे १९२५ मध्ये हाफकिन संस्था झाली) जॉर्ज लॅम्ब या वैद्यकीय अधिकाऱ्याने नाग आणि घोणस यांची विषे तपासली. नागाविरुद्धचे प्रतिविष घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरते, हे त्याने दाखवले. प्लेगच्या धामधुमीत झालेल्या या कामाला आपल्या इतिहासलेखनात फारच थोडी जागा मिळाली आहे.

मात्र विष पेशीशी काय करते, हा प्रश्न परळमध्ये सुटला नाही. त्याचा धागा जर्मनीत सापडला. फ्रँकफुर्टला पाउल एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत प्रेस्टन काइस हा अमेरिकी संशोधक नागाचे विष आणि तांबड्या रक्तपेशी एकत्र करून पाहत होता. काही प्राण्यांच्या धुतलेल्या रक्तपेशी विषाने लगेच फुटत. बैल, बकरी व मेंढी यांच्या मात्र तशाच राहत. १९०२ मध्ये काइसने दाखवले की, त्यांत लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ मिसळला की त्याही फुटतात. विष आणि लेसिथिन यांचा संयोग होऊन घातक द्रव्य बनते, असे त्याला वाटले. निरीक्षण अचूक होते, अर्थ थोडा चुकला. विष लेसिथिनशी जोडले जात नाही, ते लेसिथिनचा लचका तोडते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील देलेझेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढील दशकभरात हे स्पष्ट केले.

त्या वेळी पेशीपटलाची रचनाच कोणाला ठाऊक नव्हती. हे पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते, ही कल्पना १९२५ मध्ये हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मांडली. प्रत्येक रेणूला पाण्याकडे ओढ घेणारे एक डोके आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या. डोकी बाहेर, शेपट्या आत, अशी दाट रांग लागली की पटल तयार होते. सर्पविषातील फॉस्फोलिपेज ए-२ हे विकर यातील एक शेपटी कापते. उरलेला एकशेपटी रेणू रांगेत नीट बसत नाही. फटी पडतात, पटल गळू लागते.

आणि गळणे म्हणजे काय? पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. पटल फाटले की ते आत घुसते व पेशीची स्वतःचीच विघटक विकरे जागी करते; आतले पोटॅशियम बाहेर पडते. म्हणजे सापाने दार फोडायचे, घर मोडायचे काम घरातल्यांनीच करायचे. नागाच्या विषात याखेरीज थेट पटलात घुसणारी लहान प्रथिनेही असतात. मण्यारीच्या विषाचे लक्ष्य मज्जातंतूंची टोके. घोणशीचे विष रक्त गोठवणारे घटक संपवते आणि केशवाहिन्यांच्या भिंती झिजवते, त्यामुळे रक्तातील द्रव ऊतींत झिरपतो.

प्रतिविषाची मर्यादा येथे स्पष्ट होते. त्यातील प्रतिपिंडे रक्तात मोकळे फिरणारे विष पकडतात. कापलेली शेपटी पुन्हा जोडत नाहीत. मण्यारीने निकामी केलेली मज्जातंतूंची टोके नव्याने वाढायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर जगवावे लागते. म्हणून मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही. मंत्राने बरे झाल्याच्या कथा खोट्याच असतात असे नाही. बिनविषारी साप चावला किंवा विषारी सापाने विष सोडलेच नाही, तर माणूस मंत्राविनाही वाचतो.

कुकडी प्रकल्पाने जुन्नर-आंबेगावचे पूर्व भाग बागायती केले. ऊस आला, उंदीर आले, मागोमाग साप. पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आणि भीमाशंकरकडे, पावसाळ्यातील भातशेती आणि दवाखान्यापर्यंतची लांब वाट. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी अनेक वर्षे सर्पदंशावर उपचार करत गावोगाव, शाळाशाळांत याच विषयावर जागृती केली आहे. ग्रामीण दवाखान्यातील पहिली चाचणी अगदी साधी: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिले तर घोणस किंवा फुरशाचा संशय पक्का होतो आणि प्रतिविषाच्या साधारण ८ ते १० कुप्यांनी उपचार सुरू होतो.

एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा मार्च २०२४ मध्ये आला.

लॅम्बचा प्रश्न मात्र नव्या रूपात उभा आहे. आपल्याकडील प्रतिविषासाठीचे विष मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतील इरुला सर्पमित्रांच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. महाबळीपुरमजवळच्या घोणशीवर बेतलेले औषध घोड नदीच्या काठच्या घोणशीला किती लागू पडते, हे इथल्या सापांचे विष तपासूनच ठरवावे लागेल.